डावा हात घरी काय करतो

काळ्या रबराचे दोन पट्टे मी आजींच्या मनगटांवर बांधत होते. एक उजव्या, एक डाव्या. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि त्यांच्या खाली पट्टा बसवला. आजी पट्टा उलटसुलट बघत म्हणाल्या, "घड्याळ हाय तर काटं कुटं हाईत?" मी सांगितलं, यात वेळ दिसत नाही. तुमचा कोणता हात दिवसभरात किती हलतो ते यात साठत जातं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "डाव्याचं काय साठायचंय त्यात."

साताऱ्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, गेली १९ वर्षं. आजी कोरेगाव बाजूच्या एका गावातून येतात. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला अटॅक आला आणि डावं अंग गेलं. पाय लवकर सावरला, काठी घेऊन त्या चालायला लागल्या. हात मात्र मागे राहिला. तरी माझ्याकडे आल्या की डाव्या हाताने पेला उचलायच्या, तो फळीवर ठेवायच्या, नॅपकिनची घडी घालायच्या. फाईलमध्ये मी दर पंधरा दिवसांनी सुधारणा लिहीत होते. एक दिवस त्यांच्या सूनबाई जाता जाता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडं करत्यात हो सगळं. घरी न्हाई करत."

हे वाक्य मी १९ वर्षं ऐकतेय आणि माझं उत्तरही ठरलेलं होतं: "करून घ्या त्यांच्याकडून." त्या दिवशी मात्र ते तोंडातून निघालं नाही. घरी काय होतं हे मला खरोखर माहीतच नव्हतं. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास मी त्यांना बघत होते. उरलेल्या वेळेबद्दल मी फक्त अंदाज करत होते आणि त्या अंदाजावर व्यायाम ठरवत होते.

मोजण्याची मला आवड आहे, पण ती हळूहळू लागली. सुरुवातीला माझ्याकडे होतं ते गोनिओमीटर. प्लॅस्टिकचे दोन हात असलेला कोनमापक, कॉलेजात प्रत्येकाला घ्यावा लागतो. एक हात मांडीच्या रेषेत, दुसरा पोटरीच्या रेषेत आणि मधला कोन वाचायचा. साधं, टिकाऊ साधन आहे आणि आजही माझ्या एप्रनच्या खिशात असतं. पण त्यात पाचेक अंशांची चूक सहज होते, दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजलं तर हमखास. हे पुस्तकात वाचलेलं असूनही कितीतरी वर्षं मी "मागच्या आठवड्यापेक्षा चार अंश वाढले" असं पेशंटला आनंदाने सांगत आले. ती वाढ गुडघ्यात होती की माझ्या हातात, हे मला सांगता आलं नसतं. आणखी एक अडचण म्हणजे गोनिओमीटर थांबलेल्या माणसाचा कोन मोजतो. चालताना, उठताना, वाकताना काय होतं ते त्याला कळत नाही.

ते डोळ्यालाही नीट कळत नाही. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले, तेव्हा कुठे खात्रीने समजलं की धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. तोवर लोकांनी हजारो वर्षं घोडे पाहिले होते. शिकत असताना मी हालचाल मोजणारी मोठी प्रयोगशाळा एकदाच पाहिली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या एका मुलाच्या पायांना चकाकणारे छोटे गोळे चिकटवले होते, भिंतींवर इन्फ्रारेड कॅमेरे आणि जमिनीत दाब मोजणाऱ्या पाट्या. तो सहा-सात पावलं चालला आणि पडद्यावर त्याच्या घोट्याचा, गुडघ्याचा, कमरेचा आलेख उमटला. कोणत्या स्नायूवर शस्त्रक्रिया करायची आणि कोणत्या नाही, हे अशा आलेखांवरून ठरवतात. त्या मुलासाठी एवढा खर्च, एवढी खोली लागतेच. माझ्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये ते येणं शक्य नव्हतं.

मग खेळांतून आलेली साधनं आली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये किनेक्ट नावाचं कॅमेऱ्याचं उपकरण बाजारात आलं, व्हिडिओ गेमसाठी. खोलीभर न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकून ते माणसाचा २० सांध्यांचा सांगाडा काढायचं, अंगाला काहीही न चिकटवता. जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी ते उचललं, कितीतरी व्यायामांचे खेळ त्यावर बनले. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पण तोपर्यंत साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून सांधे ओळखणारे प्रोग्राम तयार व्हायला लागले होते. गुगलचा २०२० मधला असा एक प्रोग्राम शरीरावरचे ३३ बिंदू शोधतो आणि तो फोनवर चालतो. म्हणजे जे बघायला मी विद्यार्थिनी असताना प्रवास करून गेले होते, त्याचा कामापुरता भाग आता माझ्या टेबलावर आहे.

कामापुरता म्हणतेय ते जाणूनबुजून. एका कॅमेऱ्याला जवळ-लांब कळत नाही, त्याला फक्त सपाट चित्र दिसतं. उन्हात हात धरून सावलीतला कोपराचा कोन बघा: हात जरा वळवला की हात तेवढाच वाकलेला असूनही सावलीतला कोन बदलतो. फोन बरोबर काटकोनात नसेल तर गुडघ्याचा कोन असाच खोटा येतो. म्हणून माझ्या क्लिनिकच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली आहे. एका पट्टीवर स्टूल, स्टुलावर फोन, गुडघा मोजायचा तर गुडघ्याच्या उंचीवर. दुसऱ्या पट्टीवर पेशंट. हे दर वेळी सारखंच ठेवते. नाहीतर मागच्या महिन्याशी तुलना करण्याला अर्थ राहत नाही.

आणि लुगडं! पायघोळ साडीतून किंवा धोतरातून कोणत्याच कॅमेऱ्याला गुडघा दिसत नाही. प्रोग्राम अंदाजाने बिंदू ठेवतो आणि तो बिंदू निऱ्यांबरोबर हलतो. सुरुवातीला असे आकडे मी खरे धरले होते. आता माझ्याकडे नाडीच्या तीन-चार आखूड विजारी धुऊन ठेवलेल्या असतात, पडदा आहे आणि व्हिडिओ घ्यायच्या आधी मी विचारते. एकदा एका मावशींनी विचारलं होतं, "हे कुठं जाणार तर नाही ना?" तेव्हापासून मी चेहरा चौकटीत घेत नाही, कोन लिहून झाला की त्यांच्यासमोर व्हिडिओ पुसते. ज्यांना हे नको असतं त्यांच्यासाठी खिशातला गोनिओमीटर आहेच.

आजींच्या बाबतीत फोनने आधी एक गोष्ट दाखवली होती आणि ती मला झोंबली. त्या खुर्चीत बसून समोरच्या टेबलावरचा पेला डाव्या हाताने घ्यायच्या. पेला मी दर आठवड्याला थोडा लांब ठेवायचे आणि तो त्यांच्या हाती यायचा. फाईलमध्ये "हाताची पोहोच वाढली" असं माझ्या अक्षरात तीन वेळा लिहिलेलं आहे. बाजूने व्हिडिओ घेतला आणि कोपराचा कोन काढला, तर पहिल्या आठवड्यात जेवढा कोपर उघडत होता तेवढाच अजूनही उघडत होता. वाढलं होतं ते कमरेतून वाकणं. पाठ पुढे, खांदा पुढे आणि हात जसाच्या तसा त्यांच्याबरोबर ओढला गेलेला. मी समोर उभी राहून हाताकडे बघत असायचे, त्यामुळे पाठीकडे लक्षच गेलं नाही.

अर्धांगानंतर शरीर अशी पळवाट काढतंच. मॉन्ट्रियलमध्ये मिंडी लेविन यांनी यावर बराच अभ्यास केलाय. धड खुर्चीच्या पाठीला बांधून हात पुढे न्यायला लावला, तर कोपर जास्त उघडतो असं त्यांच्या गटाला दिसलं. मी आजींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "आगं, मी तर समदीच वाकतीय." मग एक धुतलेला पंचा घेऊन छातीखालून खुर्चीला सैलसर बांधला आणि पेला पुन्हा जवळ आणला. पेला जवळ आणताना त्यांचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. इतक्या आठवड्यांची कमाई हिसकावल्यासारखं वाटलं असणार. पण पंचा बांधून पंधरा दिवस केल्यावर कोपर खरंच उघडू लागला. या खेपेला ती सुधारणा कोपराचीच आहे हे मी त्यांना व्हिडिओवर दाखवू शकले.

एवढं झाल्यावर सूनबाईंचं ते वाक्य आलं. म्हणून हे पट्टे. पुण्यात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून तीन दिवसांसाठी मागून आणले. आत अॅक्सिलरोमीटर असतो, फोन आडवा केला की चित्र आडवं करणारा चिमुकला तुकडा तोच. तो सेकंदाला ३० वेळा हालचाल नोंदवतो. झोपताना काढायचे, उठल्यावर घालायचे. सूनबाईंना मी एक वही दिली आणि ढोबळ मानाने कधी काय केलं ते लिहायला सांगितलं.

तीन दिवसांनी संगणकावर आलेख उघडला. डावा आणि उजवा हात किती तास हलला त्याचं गुणोत्तर आलं ०.४१. मला वाटलं, अरे, हे काही वाईट नाही. मग आलेख नीट बघितला. पहिल्या दिवशी सकाळी पाऊण तास आणि दुपारी पाऊण तास दोन्ही हात अगदी जोडीने, जोरजोरात हललेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पडद्यावर तो भाग एखाद्या डोंगररांगेसारखा दिसत होता. वहीत बघितलं. पहिल्या दिवशी "साताऱ्याला मॅडमकडे", तिसऱ्या दिवशी "लग्नाला". आजी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेल्या होत्या आणि रस्त्याचे सगळे खड्डे पट्ट्यांनी प्रामाणिकपणे टिपले होते. हात हलला की हलवला गेला, हे त्या तुकड्याला कळत नाही. ते तीन तास वजा केले तेव्हा उजवा हात २१ तास आणि डावा पावणेसात. गुणोत्तर ०.३२. वही नसती तर मी ०.४१ वर खूश राहिले असते.

आता ०.३२ हे कशाच्या तुलनेत? इथे मला जे वाचून आश्चर्य वाटलं होतं तेच मी आजींना सांगितलं. अमेरिकेत सेंट लुईसला कॅथरीन लँग यांच्या गटाने धडधाकट माणसांच्या दोन्ही मनगटांवर असेच पट्टे बांधले. सवयीचा हात दिवसाला साधारण नऊ तास हलतो आणि दुसरा हात जवळजवळ तेवढाच. गुणोत्तर ०.९५. आपण समजतो की सगळं उजवा करतो आणि डावा नुसता सोबत असतो. पण वाटी धरायला, पदर सावरायला, पिशवीचं तोंड उघडायला, दार ढकलायला डावा सतत राबत असतो. जाणवत नाही इतकंच.

आजींना ते पटलं नाही. "डाव्या हातानं देत न्हाईत, घेत न्हाईत, जेवत न्हाईत. मग त्यो गेला तर काय अडतंय? उजवा वाचला ही देवाची किरपा." मी गप्प बसले. लहानपणापासून डावा हात मागे ठेवायला शिकलेल्या बाईला सात महिने त्या हाताची उणीव भासली नाही, यात तिचं काय चुकलं? माझे व्यायामही तसलेच होते. पेला उचला, पेला ठेवा. त्यांच्या घरात डाव्या हाताने पेला उचलायची वेळच येत नाही.

मग मी विचारलं, "भाकरी कोण थापतं?"

"हीच थापती. मी कशी थापणार?"

"का नाही?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उजवा तळहात पुढे करून हवेत थापल्यासारखं केलं, दोन-तीन वेळा, आणि थांबल्या. भाकरी फिरेना. परातीत उजवा तळहात पीठ पसरवतो तेव्हा कडा आत घेत भाकरी फिरवत ठेवतो तो डावा. त्या म्हणाल्या, "व्हय की."

आलेखात सर्वांत सपाट भाग संध्याकाळी होता, साडेसहा ते आठ. घरात सर्वांत जास्त काम असतं तेव्हा आजी पडवीत बसून असायच्या. सूनबाईंशी मी हे फार जपून बोलले, कारण त्या बाईने सात महिने सासूचं सगळं केलंय: आंघोळ, वेणी, औषधं. तिच्या मायेला मी अडथळा म्हणणार नाही. तिचीही भीती खरी होती. डाव्या हाताला गरम नीट कळत नाही, तव्याला लागला तर? म्हणून ठरलं असं: आजींनी नुसतं थापायचं, परात जमिनीवर ओट्यापासून लांब. उचलून तव्यावर टाकायचं काम सूनबाईंचं. शिवाय भुईमुगाच्या शेंगा फोडणं, लसूण सोलणं, फडकं पिळणं. यातलं एकही काम एका हाताने नीट होत नाही. क्लिनिकमधला पेला मी बंद केला. रोज किती वेळा करायचं हा प्रश्नही त्यानेच सुटला. लँग यांच्याच २००९ च्या एका पाहणीत दिसलं होतं की उपचाराच्या एका बैठकीत पेशंटचा हात कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच करतो. मी स्वतःची बैठक एकदा मोजली होती, २८ आल्या होत्या. एका भाकरीत डावा हात किती वेळा फिरतो ते मोजून बघा आणि घरात पाच माणसं आहेत.

याच सुमारास गुडघा बदललेले एक काका येत होते, त्यांचंही सांगते. ऑपरेशनच्या कागदावर १०५ अंश हे ध्येय होतं आणि ते त्यांनी गाठलं. खुर्चीतून उठायला, जिना चढायला तेवढं पुरतं. तरी ते नाराज होते. शेवटी कळलं की त्यांना भजनाला मांडी घालून बसायचं होतं. मांडीला गुडघा अजून वाकावा लागतो आणि खुबा बाहेर वळावा लागतो, तो तर आम्ही मोजतच नव्हतो. सर्जनशी बोलून भजनात त्यांच्यासाठी बुटकं स्टूल ठेवायचं ठरलं, ते त्यांनी मान्य केलं. पण आधी विचारलं असतं तर दीड महिन्याची नाराजी वाचली असती.

दहा आठवड्यांनी पट्टे पुन्हा आणले. पुन्हा तीन दिवस, पुन्हा वही. या खेपेला मोटरसायकलचा प्रवास आधीच वेगळा लिहून ठेवायला सांगितला होता. आकडा आला ०.४७. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिन्ही दिवस डाव्या हाताचा छोटा उंचवटा, उजव्याच्या खालोखाल. मी तो बराच वेळ बघत होते. पहिल्या भाकऱ्या फाटल्या होत्या, जाड झाल्या होत्या, नातवाने त्यांना "नकाशे" नाव दिलं होतं, हे सगळं सूनबाईंनी वहीत लिहिलं होतं.

दुपारी दोन ते चार मात्र रोज दोन्ही हातांच्या रेषा जवळजवळ सपाट होत्या. वहीत त्या वेळेसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी छापील कागदावर पेन्सिलीने लिहिलं, "दुपारची झोप". आजी शेजारीच बसल्या होत्या. काय लिहिलं विचारलं, मी वाचून दाखवलं.

"झोपतीय कधी मी दुपारची?"

सूनबाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत फुलवाती होत्या, गच्च भरलेल्या. श्रावण जवळ आला होता. मी आजींना एक करून दाखवायला सांगितली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कापसाचा बुंधा धरतात, उजव्या हाताची बोटं टोकाला पीळ देतात. मनगट जागचं हलत नाही. मी पट्टा बांधून, पाच वाती करून घेऊन, नोंद उघडून बघितली. रेषा तशीच, सपाट. मनगटावर बांधलेल्या तुकड्याला बोटं काय करतात ते दिसत नाही. खड्ड्यांचे तीन तास त्याने काम म्हणून धरले होते आणि हे, सात महिन्यांपूर्वी मिटूनही न घेता येणाऱ्या बोटांचं सर्वांत नाजूक काम, त्याच्या लेखी शून्य होतं.

मी पेन्सिलीचं लिहिलेलं खोडून पेनने लिहिलं: "फुलवाती. डावा हात धरतो. दोन तास." गुणोत्तरासमोर चौकोन करून "यापेक्षा जास्त" असंही लिहिलं.

आजींनी त्यातल्या २१ वाती माझ्या देवघरासाठी मोजून दिल्या. डबा डाव्या हातात धरला होता, वाती उजव्याने दिल्या.